चौथ्या तासाला गाडी अडकली

सर एका शाळेचे उपमुख्याध्यापक होते आणि गेली एकवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तेच बनवत होते. त्यामुळे परदेशातली जुनी गावं बघायला जायचं ठरल्यावर त्यांनी आधी तिकिटं काढली नाहीत. आधी पट्टी आणि तीन रंगांची पेनं काढली. आठ दिवस, सात गावं. दिवसाचे आठ तास, प्रत्येक तास पंचेचाळीस मिनिटांचा, मधे एक छोटी सुट्टी आणि एक मोठी. किल्ले लाल शाईत, संग्रहालयं निळ्या, जुने बाजार हिरव्या. स्वच्छतागृहासाठी रंग उरला नव्हता, म्हणून ते छोट्या सुट्टीत बसवलं होतं.

"आणि कुणाला मधेच लागली तर?" सिस्टरनी विचारलं. सिस्टर म्हणजे सरांची बायको. त्या मोठ्या इस्पितळात हेडनर्स होत्या आणि सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं.

"शाळेत अकराशे मुलं आहेत," सर म्हणाले. "एकवीस वर्षांत कुणाची तक्रार नाही."

तक्रारपेटीची किल्ली सरांकडेच असते, हे सिस्टरना माहीत होतं.

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचं मत होतं की सहल कंपनीबरोबर जावं. सरांना ते मान्य नव्हतं. एकसारख्या टोप्या घालून, झेंडा धरलेल्या माणसामागून मेंढरांसारखं चालायचं आणि तो म्हणेल तेव्हा फोटो काढायचे, याला सर प्रवास मानत नसत. त्यांच्या घरच्यांनी सरांच्या मागून चालावं आणि सर म्हणतील तेव्हा फोटो काढावेत, अशी त्यांची कल्पना होती. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य पूर्वी एकदा असेच कंपनीशिवाय परदेशी फिरून आले होते. त्यांनी जिन्यातच सरांना थांबवून सांगितलं, "गाडी भाड्याने घेणार असाल तर मोठी घ्या. छोट्या गाडीत माणसं बसतात, पण बॅगा बसत नाहीत." हे वाक्य सरांना शास्त्रशुद्ध वाटलं. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू म्हणाल्या, "जुनी गावं म्हणजे बोळ असतील हो, लहानच बरी." पण काकू कधी परदेशी गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं जमेस धरलं नाही.

गाडी मोठी आली. इतकी मोठी, की विमानतळावर ती ताब्यात घेताना सिस्टरना इस्पितळातल्या रुग्णवाहिकेची आठवण झाली. पुढे सर आणि त्यांच्या शेजारी सासूबाई, कारण सासूबाईंचा गुडघा मागच्या सीटवर दुमडत नव्हता. मागे सिस्टर आणि कॉलेजात जाणारी लेक. लेकीच्या हातात फोन, आणि फोनमध्ये समोरच्याची भाषा आपल्या भाषेत करून देणारी एक बाई. ही बाई मोठ्या आत्मविश्वासाने बोलायची. पहिल्याच हॉटेलात स्वागतकक्षातल्या माणसाने काहीतरी विचारल्यावर ती म्हणाली होती, "तुमचा नाश्ता जिवंत हवा की खोलीत?" सरांनी खोलीत सांगितलं.

दोन दिवसांत दोन गावं झाली. झाली म्हणजे कशी, ते सासूबाईंनी गाडीच्या काचेतून पाहिलं. किल्ल्याला तीनशे पायऱ्या आणि तास पंचेचाळीस मिनिटांचा. गुडघ्याला घेऊन जायचं तर एकाच किल्ल्याला तीन तास लागले असते आणि संग्रहालय बुडलं असतं. म्हणून सर म्हणायचे, "आई, तुम्ही गाडीतच आरामात बसा, आम्ही हा गेलो आणि हा आलो." सासूबाई बसायच्या. शहात्तर वर्षांची बाई, दुसऱ्या देशातल्या वाहनतळावर, शेजारच्या गाडीतल्या कुत्र्याकडे बघत. चौघं पुन्हा एकत्र आली की सर घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "चला."

तिसऱ्या दिवशी चौथ्या तासाला तिसरं गाव आलं. तटबंदी असलेलं, टेकडीवर वसलेलं, दगडी घरांचं. वेळापत्रकानुसार ते सव्वाअकराला यायला हवं होतं. अकरा पस्तीस झाले होते. वीस मिनिटं भरून काढायची म्हणून सरांनी बाहेरच्या वाहनतळाकडे वळण्याऐवजी थेट वेशीतून आत जाणारा रस्ता धरला.

"बाबा, इथे बोर्ड आहे," लेक म्हणाली.

बोर्ड होता. लाल गोल, आत गाडीचं चित्र.

"दिसला," सर म्हणाले. "गोलात गाडी. म्हणजे गाड्यांचा रस्ता."

"लाल आहे हो तो," सिस्टर म्हणाल्या. "आणि मला हे पुढे निमुळतं दिसतंय. नका घालू आत."

"पुढे रुंद होतं. उतार आहे ना, म्हणून तसं वाटतं."

रस्ता पुढे रुंद झाला नाही. दोन्ही बाजूच्या भिंती जवळ आल्या. इथे एखाद्याने गाडी मागे घेतली असती. पण सरांना एकदम आठवलं की या गाडीला आरसे मिटवायचं बटण आहे. त्यांनी ते दाबलं. दोन्ही आरसे कानांसारखे मिटले, आणि त्या जोरावर गाडी आणखी पंधरा फूट आत गेली. त्यानंतर भिंतीवरून पाटी खरवडल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. सरांनी ती मागे घेऊन पाहिली. तोच आवाज दुसऱ्या बाजूने आला.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. इस्पितळात त्या ज्या आवाजात हे म्हणत त्या आवाजाला शल्यविशारदही थांबत. सर थांबले.

दरवाजे उघडत नव्हते. भिंत आणि दरवाजा यांच्यात पोस्टकार्ड सरकवता आलं असतं, माणूस नाही. मागचं दार वर उघडत होतं. लेक सीटवरून उडी मारून बॅगांवर गेली आणि बाहेर पडली. सिस्टर पदर खोचून तिच्यामागून गेल्या. सर शेवटी निघाले. उपमुख्याध्यापकाने चालकाच्या जागेवरून दोन सीटच्या मधून, चार बॅगांवरून रांगत, आधी पाय बाहेर काढून रस्त्यावर उतरायचं कसं, याबद्दल शिक्षण खात्याचं कुठलंही परिपत्रक नाही. बूट आधी दिसले, मग पाठ, मग शर्ट बाहेर आलेले सर. गल्लीच्या तोंडाशी तोवर सातआठ लोक जमले होते. त्यातल्या एकाने फोटो काढला.

सासूबाई आतच राहिल्या. तो गुडघा बॅगांवरून जाणं शक्य नव्हतं.

"आई, घाबरू नकोस," सिस्टर मागून ओरडल्या.

"मी कशाला घाबरू?" सासूबाई म्हणाल्या. "मी रोज गाडीतच असते."

सरांनी हे ऐकलं, पण त्या वेळी ते वाहतूक शिपायाशी बोलत होते. शिपायाने गाडीकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि फोन लावला. मग अग्निशमन दलाची गाडी आली. तिच्या चालकाने गल्लीच्या तोंडाशी येऊन बोर्ड वाचला आणि तो तिथेच थांबला. सरांना हे त्याने मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

दलाच्या प्रमुखाने मागून दोर बांधायला घेतला, तेवढ्यात वारसा कार्यालयाच्या अधिकारी बाई आल्या. उंच, बारीक, गळ्यात भिंग. त्यांनी माणसांकडे बघितलंच नाही. आधी भिंतीची विचारपूस केली. मग वळून काहीतरी म्हणाल्या, आणि लेकीच्या फोनमधली बाई खणखणीत आवाजात बोलली, "भिंत सहाशे वर्षांची आहे. तिला आज काही सोसवणार नाही. वाहनाने भिंतीचा आदर करावा."

"त्यांना सांग, आम्हाला पूर्ण आदर आहे," सर म्हणाले. "बारा वीसला संग्रहालय आहे."

लेकीने तेवढं भाषांतर केलं नाही.

एकूण प्रकार असा होता: गाडी ओढली तर दगड घासणार, दगड घासायचा तर वारसा समितीची परवानगी हवी, समितीची बैठक गुरुवारी, आणि आज मंगळवार. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन लावला, तेव्हा त्यांच्या यंत्राने विचारलं की वाहन रस्त्यावर आहे की रस्त्याबाहेर. सरांनी बराच विचार केला. गाडी ना धड रस्त्यावर होती, ना रस्त्याबाहेर. यंत्राने कंटाळून फोन ठेवला.

याच सुमारास गल्लीच्या खालच्या टोकाकडून पिवळ्या टोप्या वर येताना दिसल्या. बत्तीस पिवळ्या टोप्या आणि त्यांच्यापुढे एक झेंडा. झेंड्याखालच्या माणसाचा आवाज कानावर पडला आणि सर गाडीमागे वाकले. तो आपल्याच भाषेत बोलत होता.

"हळू चला, मंडळी. ही तटाची आतली भिंत. हिने तीन आक्रमणं परतवली." झेंडा गाडीच्या नाकाशी येऊन थांबला. त्याने आत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, नमस्कार केला आणि त्याच सुरात पुढे म्हणाला, "ही चौथी."

सहल कंपनीचेच लोक होते ते. पाच मिनिटांत त्यांना सगळं कळलं आणि दहा मिनिटांत सरांना गाडीच्या टपावरून बत्तीस सल्ले मिळाले. एक बाई म्हणाल्या, टायर थंड होऊ द्या, आकसतील. एकाने सरांना त्यांचं नाव-गाव विचारलं आणि त्यांच्या शाळेत आपला पुतण्या होता हे काढलं. "कडक हो तुमची शिस्त," तो बॉनेटवर हात टेकून म्हणाला. "पोरगं अजून नाव काढतं." एक निवृत्त अभियंते होते. ते डोकं तिरपं करून बराच वेळ भिंती न्याहाळत राहिले. मग त्यांनी गाडीच्या काचेतून आत पाहिलं.

"साहेब, हँडब्रेक वर आहे," ते म्हणाले. "मागे घेताना काढला होता ना?"

लाल गोलाविषयी कुणी काही विचारू नये, अशी सरांची मनोमन इच्छा होती. कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी तो सकाळी वेशीतून आत येतानाच पाहिला होता.

इकडे सासूबाईंच्या बाजूला वेगळंच काही घडत होतं. त्यांच्या काचेसमोर, अगदी वीतभर अंतरावर, भिंतीत एक खिडकी होती. आतलं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला असल्यामुळे ती स्वयंपाकघराची खिडकी नेमकी गाडीच्या काचेच्या उंचीला आली होती. खिडकीची झडप उघडली आणि आत एक आजी दिसल्या. वयाने सासूबाईंच्याच बरोबरीच्या, डोक्याला रुमाल, हातात सोलायचा बटाटा. रोज समोरची भिंत दिसायची तिथे आज एक म्हातारी बसलेली बघून आजींनी बटाटा खाली ठेवला. सासूबाईंनी काच खाली केली.

दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती. आजींनी आपल्या गुडघ्यावर हात मारून भुवया उंचावल्या. सासूबाईंनी आपल्या गुडघ्यावर हात मारून मान हलवली. एवढ्यावर त्यांची ओळख झाली. मग खिडकीतून चहाचा कप आला. त्यामागून एक उशी आली, पाठीला. मग नातवंडांच्या फोटोंचा एक अल्बम आला, आणि सासूबाई कप डॅशबोर्डवर ठेवून, चष्मा पुसून, परक्या माणसांची लग्नं बघत बसल्या.

दीड वाजता सिस्टर मागच्या दाराने वाकून म्हणाल्या, "आई, कंटाळलीस का?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर आता अर्धे बटाटे होते आणि त्या सोलत होत्या. "ही बाई फार चांगली आहे. मला 'बस' म्हणाली."

"तुला काय कळलं ती काय म्हणाली?"

"हाताने म्हणाली. बस म्हणाली. तीन दिवस मी नुसतं 'चला' ऐकतेय."

सर सिस्टरच्या मागेच उभे होते. ते तिथून सरले आणि त्यांनी वरच्या खिशातलं वेळापत्रक काढलं. एव्हाना पाचवा तास संपून मोठी सुट्टी झाली होती, आणि सासूबाईंच्या नावाने त्या कागदावर एकही चौकट नव्हती. शाळेत एखाद्या वर्गाला असं वगळलं असतं तर मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं असतं.

ते अधिकारी बाईंकडे गेले. या वेळी त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. "लेकी, सांग त्यांना," ते म्हणाले, "आत आमच्या आई आहेत. भिंतीइतक्या नाही, पण त्याही जुन्या आहेत. त्यांना गुरुवारपर्यंत ठेवता येणार नाही."

फोनमधल्या बाईने यातलं काय पोचवलं देव जाणे. अधिकारी बाई दचकल्या, वाकल्या, आत पाहिलं, आणि पहिल्यांदाच भिंग खाली सोडून फोन लावला. तीन वाजता समितीचे तीन सदस्य गल्लीतच हजर झाले. आजींनी घरातून खुर्च्या दिल्या. बैठक रीतसर झाली. आधीच्या बैठकीचं इतिवृत्तही वाचलं गेलं. ठराव असा झाला की वाहन जाऊ शकतं, मात्र भिंतीला कसलाही पदार्थ लावता येणार नाही आणि एकही दगड हलता कामा नये.

"मग गाडीला लावा," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"सुजलेल्या बोटात अंगठी अडकली की आम्ही बोट कापत नाही. साबण लावतो. भिंतीला नको तर गाडीला लावू. आणि मधे चादरी घालू, म्हणजे भिंतीला गाडी लागायची नाही."

अभियंते एकदम ताठ झाले. "आणि चाकांतली हवा कमी करू," ते म्हणाले. "भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकल्यात. गाडी चार बोटं खाली बसली की दोन्हीकडे बोटभर जागा मिळेल."

आजींनी कपाटातल्या चादरी काढून दिल्या. पिवळ्या टोप्यांनी आपापल्या बॅगांतून हॉटेलांतून आणलेले छोटे छोटे साबण काढले. एवढे साबण त्यांच्याकडे कसे, हे कुणी विचारलं नाही. लेक टपावर चढून वरून पाणी ओतत होती, शिपायाने टोपी काढून चाकांची हवा सोडली, आणि अधिकारी बाई प्रत्येक चादरीची घडी स्वतः सरळ करत होत्या.

राहिला प्रश्न, स्टिअरिंगचं चक्र कोण धरणार. सर मागच्या दाराशी गेले, बॅगांकडे पाहिलं, गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या गर्दीकडे पाहिलं, आणि शर्ट खोचून चढायला पाय उचलला.

"जावईबापू, कशाला?" आतून आवाज आला. "मी आहे की इथे. काय धरायचंय ते सांगा."

"आई, तुम्ही कधी गाडी चालवलेली नाही."

"मग तुम्ही रोज चालवता ना?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात लांब करून चक्र धरलं.

सरांनी मागून सांगितलं तसा त्यांनी हँडब्रेक खाली केला, गिअरचा दांडा मधल्या खुणेवर आणला. अग्निशमन दलाने मागून दोर ताणला. खालच्या बाजूने बत्तीस पिवळ्या टोप्यांनी बॉनेटला हात लावले, आणि झेंडेवाल्याने झेंडा वर केला.

"सरळ धरा, आई!" सर ओरडले.

"सरळच धरलंय. तुम्ही आधी वाटेतून हला."

सर हलले. चादरी ताणल्या गेल्या, साबणाचे फुगे उडाले, गाडीने ओल्या बुटासारखा आवाज केला आणि एक वीत मागे आली. मग हातभर. मग एकदम सुटली आणि डौलात, फेसाने माखलेली, वेशीच्या चौकात जाऊन उभी राहिली. चक्र दोन्ही हातांनी धरून आत सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवरचा एकही बटाटा पडला नव्हता. गर्दीने टाळ्या वाजवल्या. सरांनी जरा पुढे होऊन मान लववली, पण टाळ्या त्यांच्यासाठी नव्हत्या.

दरवाजा उघडल्यावर सासूबाई सिस्टरच्या खांद्याला धरून खाली उतरल्या. पण गाडीपासून लांब, आजींच्या घराच्या दाराकडे चालू लागल्या. बटाटे परत द्यायचे होते. आजी दारातच उभ्या होत्या. दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

पिवळ्या टोप्या पुढच्या गावाला निघाल्या. "चला, मंडळी!" झेंडेवाला म्हणाला. सरांना तो शब्द लागला.

"आज इथेच राहू," ते सिस्टरना म्हणाले. "आई निघतील तेव्हा निघू."

सिस्टरनी सवयीने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

अधिकारी बाईंनी भिंगातून भिंतीचा कानाकोपरा तपासला. हाताएवढं शेवाळ गेलं होतं. ते पावसाळ्यात परत येईल, असं फोनमधल्या बाईने मोठ्या मायेने सांगितलं. फक्त एक फॉर्म भरायचा होता. सरांना फॉर्म बघून बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाक्यातली गोष्ट समोर आली होती. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं, व्यवसाय लिहिला, वाहनाचा क्रमांक लिहिला. चौथा रकाना लेकीने फोनकडून वाचून घेतला. 'भिंतीशी संपर्क होण्याचे कारण.'

सरांनी लिहिलं, 'फलक अस्पष्ट.' मग मान वर करून पाहिलं. बोर्ड तिथून दहा पावलांवर होता, ताज्या रंगाचा, उन्हात चकाकत होता. अधिकारी बाईही तिकडेच बघत होत्या. सरांनी ते खोडलं. 'दंतवैद्यांच्या सल्ल्यावरून घेतलेले मोठे वाहन,' असं लिहिलं. आजींच्या स्वयंपाकघरातून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. त्यांनी तेही खोडलं. शेवटी एकच अक्षर लिहिलं: 'मी.'

लेकीने फोन धरला. अधिकारी बाईंनी मान हलवली आणि फोनमधली बाई म्हणाली, "कारण पूर्ण वाक्यात द्यावे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि लिहिलं, 'बायको नको म्हणत होती.'

सही केली, तारीख घातली, पेनाला टोपण लावलं. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी वाकून वाचलं. मग कागद उजेडाकडे धरून पुन्हा एकदा, सावकाश वाचलं, आणि लेकीला म्हणाल्या, "विचार गं त्यांना, याची एक प्रत मिळते का."

मिळत होती. शिक्क्यासकट.